शेवटचे चार किलोमीटर

ऑफिसात त्याला सगळे मिलिमीटरसाहेब म्हणायचे. तोंडावर नुसतं साहेब, पाठ फिरली की मिलिमीटर. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. महामार्गाच्या कडेला लावलेले कठडे तपासायचं त्याचं काम. खांब जमिनीत किती खोल गेलाय, पोलादी पट्टी किती उंचीवर आहे, बोल्ट नीट पिळलाय की नुसता दाखवायला अडकवलाय, हे तो गुडघे टेकून, टेप लावून बघायचा. एकदा ठेकेदाराचा मुकादम वैतागून म्हणाला, "साहेब, दोन बोटांनी असा काय फरक पडतो?"

"पट्टी दोन बोटं खाली असली तर गाडी वरून उडी मारते, दोन बोटं वर असली तर खालून घुसते," तो म्हणाला. "तू कुठून जाणार ते ठरव, मग मी सही करतो."

घरी जेवतानाही त्याला दुसरा विषय सुचायचा नाही. बायको वाढत असायची आणि हा ताटाशेजारी चमचे मांडून बसलेला. सिमेंटची भिंत ट्रकला पलीकडे जाऊ देत नाही, पण छोट्या गाडीतल्या माणसाला सगळा दणका स्वतःच्या हाडांवर घ्यावा लागतो. तारेचे दोर गाडीला अलगद झेलतात, पण मोटरसायकलवाल्याला त्यांच्या खांबांची धास्ती. पोलादी पट्टी या दोघांच्या मधली; थोडी वाकते, थोडी अडवते.

"मग सगळ्यात चांगला कठडा कुठला, बाबा?" मुलगी विचारायची. उत्तर तिला पाठ होतं, पण बापाला खुलवायला विचारायची.

"ज्याचं टोक बरोबर आहे तो."

कारण सगळी गोम टोकात होती. समोरून येणारी गाडी पट्टीच्या मधे घासली तर निभावतं. पण पट्टी जिथं सुरू होते त्या टोकावरच आदळली, तर पट्टी भाल्यासारखी आत घुसते. म्हणून सुरुवातीला दबणारं टोक लावतात. त्याला पेटीसारखं जाड डोकं असतं. धडक बसली की ते पट्टीवरून मागे सरकत जातं, पट्टी चिरडत जाते आणि गाडी हळूहळू थांबते. कठडा जिथं संपतो तिकडे मात्र साधी चपटी शेपटी चालते, कारण तिच्यावर समोरून कुणी येतच नाही. शेपटी स्वस्तही आणि लावायला सोपीही. त्यामुळे ती कुठं लागलीय यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागायची.

नव्या रस्त्याचे बेचाळीस किलोमीटर त्याच्या वाट्याला आले होते. आठ दिवसांत अडतीस त्यानं पायी तपासले. सहा ठिकाणी शेपट्या काढायला लावल्या, मुकादमाच्या शिव्या पोटात घातल्या. नवव्या दिवशी शेवटचे चार उरले. पण त्या दिवशी दुपारी मुलीची पोहण्याची अंतिम फेरी होती. याआधीच्या चार शर्यतींना तो गेला नव्हता. दरवेळी एखादा खांब, एखादा बोल्ट आडवा आला होता. या वेळी मुलगी काहीच बोलली नव्हती, फक्त सकाळी बूट घालताना म्हणाली होती, "चार वाजता आहे. जमलं तर."

ते "जमलं तर" त्याला लागलं.

बारा वाजता तो जीपमध्ये बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "हळू चालव." खिडकीची काच खाली करून, मांडीवर नोंदवही घेऊन तो बघत गेला. उतरला नाही. चार किलोमीटरमध्ये कठड्यांची सुरुवातीची अकरा टोकं होती. प्रत्येकापुढे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची पाटी ठोकलेली. पाटीमागे काय आहे ते चालत्या जीपमधून धड दिसत नव्हतं. पाटी दिसली की त्यानं बरोबरची खूण केली. अकरा पाट्या, अकरा खुणा. खाली लिहिलं: "पायी तपासणी पूर्ण." आणि सही.

मुलगी दुसरी आली. पाण्यातून डोकं वर काढल्यावर तिनं आधी प्रेक्षकांच्या रांगांकडे बघितलं आणि बाबा दिसल्यावर अशी हसली की त्याच्या आठ दिवसांच्या चालण्याचं चीज झालं. घरी परतताना एकदा मनात आलं, उद्या जाऊन तेवढे चार किलोमीटर चालून यावं. उद्या दुसरं काम निघालं. परवा तिसरं. मग रस्ता सुरू झाला.

तीन महिन्यांनी, एका दुपारी अडीच वाजता, एकोणचाळिसाव्या किलोमीटरला एक छोटी गाडी कठड्यावर आदळली. गाडीत भाऊ-बहीण होते. भाऊ सोफे आणि खुर्च्या शिवणारा कारागीर, बहीण त्याच्याच दुकानात कापड आणि फोम कापायची. कापडाचे तागे आणायला निघाले होते. जेवण झालेलं, ऊन तापलेलं. भावाला डुलकी लागली. भाऊ किरकोळ जखमांवर वाचला. बहीण जागच्या जागी गेली.

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी तो थोरल्या साहेबांबरोबर तिथं गेला. गाडी उचलून नेली होती, पण कठडा तसाच होता. पाटी उडून नाल्यात पडली होती आणि तिच्यामागचं टोक उघडं पडलं होतं. चपटी शेपटी. सुरुवातीच्या टोकाला. तिच्या कडेला गाडीचा रंग लागला होता.

थोरल्या साहेबांनी बूट मातीत घासले. मग हळूच म्हणाले, "नोंदवहीवर तुमची सही आहे."

"हो."

"आणि तुमच्या सहीखाली माझी." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "हे बघा, तो स्वतः सांगतोय की झोप लागली. टोक कुठलंही असतं तरी डुलकी काय टळली असती? झाकली मूठ राहू द्या."

डुलकी टळली नसती हे खरंच होतं. तेवढ्या एका वाक्याला धरून तो आठवडाभर लोंबकळला. मग राहवेना म्हणून चाचणी विभागातल्या बाईंकडे गेला. त्या मैदानावर जुन्या गाड्या ओढत नेऊन कठड्यांवर आपटायच्या आणि आत बसवलेल्या पुतळ्यांचे हाल मोजायच्या.

"ऐंशीच्या वेगानं छोटी गाडी दबणाऱ्या टोकावर आदळली तर?" त्यानं विचारलं.

"ऐंशी काय, शंभरला आपटून बघितलीय की," बाई चहाचा कप बाजूला ठेवत म्हणाल्या. "गाडीचं नाक जातं. आतला पुतळा शाबूत. खऱ्या माणसाची एखादी बरगडी जाईल फार तर. का हो?"

"काही नाही. सहज."

"तुम्ही आणि सहज?" बाई हसल्या. तोही हसला.

अहवाल महिन्याभरात तयार झाला. "कठडा मंजूर आराखड्याप्रमाणे होता. अपघाताचे कारण: चालकास झोप लागणे." तोवर ठेकेदारानं ते टोक बदलूनही टाकलं होतं. थोरल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. पेन हातात धरून तो इतका वेळ बसला की साहेबांनी विचारलं, "शाई संपली का?" त्यानं सही केली.

त्यानंतर त्याचं जेवण कमी झालं, ताटाशेजारी चमचे मांडणं बंद झालं. रस्त्यावर कुणी जोरात हॉर्न वाजवला तरी दचकायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. जिन्यात मुलीच्या पोहण्याच्या बक्षिसाचा फोटो लावला होता. पोरगी पाणी निथळत उभी, शेजारी हा, तोंडभर हसणारा. वर जाताना तो भिंतीकडे बघायचा नाही. पोरीला वाटलं बाबांच्या मानेला उसण भरलीय. तिनं मलम आणून दिलं.

एका रविवारी त्यानं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"गादी फाटलीय. शिवून आणतो."

कारागिराचं दुकान शहराच्या जुन्या भागात, एका अरुंद घराच्या तळमजल्यावर होतं. वर राहायचं, खाली काम. दारातच फोमचे ठोकळे, भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गुंडाळ्या, वर खिळ्याला एक मोठी कात्री. कारागीर पस्तिशीचा, अबोल. तोंडात खिळे धरून काम करायचा, त्यामुळे बोलायचा प्रश्नच यायचा नाही. यानं खुर्ची दिली, रंग निवडला आणि जे सांगायला आला होता ते न सांगता परत आला. आठवड्यानं खुर्ची आणायला गेला तेव्हाही नुसते पैसे देऊन निघाला. मग दुसरी खुर्ची नेली.

"दुसरीची गादी तर चांगली आहे की हो!" बायको म्हणाली.

"पहिलीला शोभत नाही आता."

दुकानात बसल्या बसल्या त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. दुपारी वरून एक म्हातारी उतरायची. कारागिराची आई. झाकलेलं ताट शेवटच्या पायरीवर ठेवायची आणि मुलाकडे न बघता वर निघून जायची. तासाभरानं रिकामं ताट न्यायला यायची, तेव्हाही एक शब्द नाही. मुलगा म्हणायचा, "आई, चांगली झाली होती भाजी." जिन्यावर फक्त पावलं वाजायची.

तिसरी खुर्ची घेऊन गेला तेव्हा कारागिरानं तोंडातले खिळे काढून वाटीत ठेवले आणि पहिल्यांदाच हसला. "साहेब, तुमच्या घरात खुर्च्या आहेत तरी किती?"

"चार."

"मग पुढच्या वेळी शेवटची. नंतर करमायचं नाही मला."

थोडा वेळ तो फोम कापत राहिला. धार वाकडी गेली तशी थांबला. "हे काम बहिणीचं होतं. डोळे मिटून सरळ कापायची. मला नाही जमत." मग कुणी न विचारताच सांगू लागला. ती दुपार, ते ऊन, पापणी मिटल्याचं कळलंसुद्धा नाही. "आई तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. पाच महिने झाले. जेवायला घालते, बोलत नाही. बरोबरच आहे तिचं."

"झोप कुणालाही..." तपासनीस पुटपुटला.

"नाही, साहेब. तुम्हाला माहीत नाही." कारागिरानं गल्ल्याखालून चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. "सरकारी अहवाल आहे. मी मागून घेतला. मला वाटलं होतं, कुठं तरी दुसऱ्या कशाची चूक असेल. रस्त्याची, कठड्याची. नाही. हे बघा, लिहिलंय. कठडा व्यवस्थित होता. सगळं व्यवस्थित होतं, साहेब. मीच नव्हतो." त्यानं कागद पुढे केला. "आईला वाचून दाखवलं मी. म्हटलं, तुला खरं कळायला हवं."

कागदाच्या तळाशी तीन सह्या होत्या. मधली त्याची. वळणदार, स्वच्छ, मिलिमीटरचाही फरक नसलेली.

"ही सही माझी आहे," तो म्हणाला.

कारागिराला कळलं नाही. "काय म्हणालात?"

"मी कठडे तपासतो. तो कठडा मीच पास केला होता. न बघता. आराखड्याप्रमाणे नव्हता तो. टोक चुकीचं लावलेलं होतं. पट्टी आत घुसली ती त्यामुळे. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तरी मी या कागदावर सही केली."

कारागीर उठला. त्याच्या हातात फोम कापायची सुरी होती. ती त्यानं जपून टेबलावर ठेवली, जणू स्वतःच्याच हातावर त्याचा भरवसा नव्हता.

"तीन खुर्च्या," तो म्हणाला. "तीन खुर्च्या शिवायला घेतल्या मी तुमच्या. इथं बसून चहा प्यालात माझा."

"हो."

"मजा बघायला यायचात?"

"सांगायला यायचो. जमायचं नाही."

"मला जमत होतं का?" तो ओरडला. "मी पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आईला सांगितलं! माझ्या तोंडानं सांगितलं की मी मारलं तिला! आणि तुम्हाला जमत नव्हतं?"

तपासनीस मान खाली घालून उभा राहिला. जिन्यावर हालचाल झाली. आई अर्ध्या जिन्यात उभी होती. कधीपासून ते कुणाला कळलं नाही. कठड्याला धरून ती एकेक पायरी खाली आली आणि सरळ पाहुण्यासमोर उभी राहिली.

"टोक बरोबर असतं तर माझी पोर वाचली असती?"

त्याला वाटलं, बहुधा म्हणावं. सांगता येत नाही म्हणावं. अपघातात खात्रीनं काही सांगता येत नसतं, हेही खरंच होतं. पण म्हातारीचे डोळे त्याच्यावरून हलेनात.

"हो, मावशी. मला वाटतं, वाचली असती. लागलं असतं, पण वाचली असती."

म्हातारीनं मान हलवली. शिव्या नाहीत, शाप नाहीत. ती मागे वळली, त्याच्या तिसऱ्या खुर्चीवर, जिची गादी काढून ठेवली होती त्या उघड्या फळीवर बसली आणि मुलाला म्हणाली, "पाणी दे मला."

मुलगा जागचा हललाच नाही. पाच महिन्यांनी ऐकलेला आवाज खरा की भास, अशा चेहऱ्यानं बघत राहिला. "दे ना," ती पुन्हा म्हणाली. तेव्हा तो धावला. माठाजवळ पाठ करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले.

"तुम्ही आता जा," म्हातारी तपासनिसाला म्हणाली. "आणि हे जे बोललात ते कागदावर लिहा. नुसतं आम्हाला सांगून तुम्ही मोकळे व्हाल, आम्ही नाही."

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "पाच महिने माझ्या शेजारी बसून जेवत होतात. मला वाटायचं, मीठ कमी पडतंय." आणि उठून आत गेली. मुलगी दारात होती. तारखा जुळवायला तिला वेळ लागला नाही.

"तो माझ्या शर्यतीचा दिवस होता ना, बाबा?"

याच प्रश्नाला तो सगळ्यात जास्त घाबरला होता. "दिवस तोच होता," तो म्हणाला. "पण तुझा यात काही संबंध नाही. जीपमधून उतरायचं नाही हे मी ठरवलं. आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन चालता आलं असतं. तिसऱ्या दिवशी आलं असतं. तीन महिने होते माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी जिन्यातला फोटो जागेवर नव्हता. तिनंच काढला होता. कुठं ठेवला हे त्यानं विचारलं नाही. दोन आठवडे ती पोहायला गेली नाही, मग जाऊ लागली.

त्यानं निवेदन लिहिलं, पाच पानी, तारीख-वेळेसह. थोरले साहेब ते वाचून लालबुंद झाले. "जनाची नाही तर मनाची तरी! माझी निवृत्ती दोन वर्षांवर आहे!"

"मनाचीच आहे साहेब," तो म्हणाला. "तीच उशिरा आली."

नवी चौकशी बसली, या वेळी बाहेरची माणसं. चाचणी विभागातल्या बाईंनी आकडे दिले, पोलिसांचे फोटो मागवले. मग बेचाळीसच्या बेचाळीस किलोमीटरची टोकं पुन्हा तपासली गेली. जे अडतीस तो चालला होता तिथं एकही चुकीचं निघालं नाही. शेवटच्या चारांत, अपघातातलं सोडून, आणखी दोन निघाली. दोन्ही उतारावर, जिथं गाड्यांचा वेग आपसूक वाढतो. हे त्याला सांगितलं गेलं तेव्हा त्यानं महिने मोजले. त्यानं जे पाच महिने झाकून ठेवलं, तेवढे पाच महिने ती दोन टोकं रोज हजारो गाड्यांकडे रोखून उभी होती. कुणी आदळलं नाही, हे त्याचं नशीब. हा विचार त्याच्या डोक्यात तोवर एकदाही आला नव्हता, आणि तोच मग सगळ्यात जास्त टोचत राहिला. ठेकेदाराचं काम काढून घेतलं. थोरल्या साहेबांना वेळेआधी घरी जावं लागलं. त्याला सहा महिने निलंबन मिळालं आणि सहीचा अधिकार कायमचा गेला. आता तो मालाच्या गोदामात खांब मोजून घेतो. सही दुसरं कुणीतरी करतं.

नव्या अहवालात दोन कारणं लिहिली गेली. चालकाची डुलकी आणि कठड्याचं चुकीचं टोक. अहवालाची प्रत कारागिराकडे गेली. चौथी खुर्ची कुणी नेली नाही, आणि तिसरी त्यांनी टेम्पोनं घरी पाठवली. गादी पक्की शिवलेली, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. यानं पैसे पाठवले तर ते परत आले. माफी मागायला तपासनीस पुन्हा गेला नाही. मागून आपलं ओझं त्यांच्या दारात ठेवल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं.

दीडेक वर्षानं एका सकाळी तो गोदामात निघाला होता. चौकातल्या बसथांब्यावर मायलेक उभे दिसले. दोघांच्या मधे फोमचा एवढा मोठा गठ्ठा, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं.

"मी सांगत होते, रिक्षा कर!"

"आई, रिक्षात मावतो का हा? तुला बसवू की याला?"

"मला कशाला बसवतोस, याच्यावरच बसते मी!"

रांगेतली माणसं हसू लागली. म्हातारी खरोखरच गठ्ठ्यावर टेकली, तोंड फिरवून बसली, आणि पोरगा तिच्या डोक्यावर वर्तमानपत्राची सावली धरून पुटपुटत उभा राहिला.

तपासनीस पलीकडच्या फुटपाथवर गेला, एका दुकानाच्या पाटीआड. त्यांनी आपल्याला बघू नये, त्यांची सकाळ बिघडू नये, एवढंच त्याला हवं होतं. बस येईपर्यंत तो तिथंच थांबला. त्या भांडणानं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. बस आली. गठ्ठा दारात अडकला, कंडक्टर ओरडला, दोघांनी मिळून तो आत ढकलला. बस वळणाआड गेल्यावर तो कामाला निघाला. त्या दिवशी त्याला उशीर झाला, आणि गोदामाच्या हजेरीपटावर "उशिरा" असा शेरा बसला.